फ्यूज माझ्या पर्समध्ये होते

भर उन्हाळ्यात हीटर कशाला लागतो, म्हणून उल्हासनगरच्या एका गच्चीवर पाच-सात बाप्ये मला हसले होते. हसू देत. मी तेव्हाही हट्टी होते आणि आता साठी जवळ आल्यावर काय सुधारणार?

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. राहायला आम्ही अंबरनाथ पश्चिमेला, आणि डिप्लोमा करून मी विठ्ठलवाडीला एअर कंडिशनिंगच्या एका ऑफिसात लागले होते. तिथे साहेबांनी मला टेबलाशी बसवलं ते बसवलंच. डक्टची ड्रॉइंग काढ, ऑफिसात आलेला फोन घे. साइटवर जाते म्हटलं की उत्तर ठरलेलं, "गच्चीवर शिडीने चढावं लागतं गं, बाईमाणसाचं काम नाही ते." आमच्या चाळीत पत्र्यावर चढून पापड वाळत घालायचं काम मात्र बाईमाणसाचंच होतं, तेव्हा कोणाला शिडी आठवली नाही. शेवटी मी त्यांचं इतकं डोकं खाल्लं की ते म्हणाले, "एक युनिट चालू करून दाखव. नीट झालं तर साइट तुझी. कंप्रेसर गेला तर परत ड्रॉइंग, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

युनिट होतं उल्हासनगरात, कॅम्प एकमधल्या साड्यांच्या एका दुमजली दुकानाच्या गच्चीवर. शेठ सिंधी, गोड बोलणारे आणि भारी हौशी. परदेशातल्या नातेवाइकांकडून त्यांनी ते मागवलं होतं. थंड हवा द्यायचं आणि उलटं चालवलं की गरमही द्यायचं. उल्हासनगरात गरम हवा कोणाला हवी, हे त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती.

अक्षय्य तृतीयेला सकाळी मुहूर्त होता. मी आदल्या दिवशी सकाळीच गच्चीवर पोचले. ब्लोअर उलटा फिरत होता, दोन वायरींची अदलाबदल करून सरळ केला. पट्टा ढिला होता, तो ताणला. मग कंप्रेसरच्या बुडाशी बांधलेला हीटर चालू केला. हा हीटर दुकानातल्या हवेसाठी नसतो, कंप्रेसरमधल्या तेलासाठी असतो. मशीन बरेच दिवस पडून राहिली की गॅस तेलात मुरतो. तशीच चालू केली तर गोटी सोडा फोडल्यावर होतं तसं तेल फसफसून निघून जातं आणि कंप्रेसर कोरडा फिरून मरतो. म्हणून आधी अख्खा दिवस आणि रात्र बूड गरम ठेवायचं, गॅस तेलातून निघून जाऊ द्यायचा. शेठना मी हे सगळं समजावलं आणि रात्री लाइट बंद करू नका म्हणून दोनदा बजावलं. "हां बेटा, हां बेटा," म्हणाले.

सकाळी येऊन बुडाला हात लावला तर गार.

झालं होतं असं की शेठच्या वडिलांनी रात्री मेन स्विच पाडला होता. बाबा पंच्याहत्तरीचे. त्यांचं पहिलं दुकान शॉर्ट सर्किटने जळलं होतं. तेव्हापासून रात्री दुकान वाढवलं की बाबा स्वतः मेन पाडणार, त्याला हात जोडणार आणि मगच शटर ओढणार. शेठ त्यांना सांगायला विसरले होते. आणि सांगितलं असतं तरी बाबांनी ऐकलं असतं असं नाही. मी हीटर पुन्हा चालू केला आणि शेठना म्हटलं, "आज ब्लोअर लावा, नारळ फोडा. कंप्रेसर उद्या."

शेठचा चेहरा पडला. खाली पाहुणे जमत होते, ताहिरीची, म्हणजे त्यांच्या गोड भाताची, पातेली आली होती. "बेटा, बटन दाबायचा तर काम आहे, दाब ना. इतना धूप में हीटर कायको?" सगळे हसले. त्यांचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम घाबरल्या." घाबरलेच होते मी, पण बटणाला नाही. कंप्रेसर गेला असता तर मुहूर्ताला, बाबांना, मेनला कोणी नाव ठेवलं नसतं. बाईने जाळला, हेच सगळ्या कॅम्पात झालं असतं.

खाली जाऊन दुकानातून साहेबांना फोन लावला. वाटलं होतं, ते तरी पाठीशी उभे राहतील. ते म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक दुखवू नकोस, चालू करून टाक. नाहीतर थांब, मी माणूस पाठवतो."

माणूस पाठवतो. मग मी कोण होते, टेबलावरचा पेपरवेट? अशी तळपायाची आग मस्तकात गेली की काय सांगू. परत वर आले तर इलेक्ट्रिशियनचा हात पॅनेलकडे गेलेलाच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्याला बाजूला सारलं, कंप्रेसरचे तिन्ही फ्यूज उपटले आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली. हीटरची लाइन वेगळी होती, ती चालूच ठेवली. म्हटलं, "आता कोणाला काय दाबायचंय ते दाबा."

साहेबांचा माणूस स्कूटरवरून आला. आमचाच सीनियर मेकॅनिक. त्याने बुडाला हात लावला, पॅनेलकडे पाहिलं आणि शेठना म्हणाला, "आज नाही जमणार, उद्या." एवढंच. आणि शेठ लगेच, "ठीक है, उद्या." मी सकाळपासून घसा कोरडा करून तेच सांगत होते. त्या 'ठीक है'चा राग मला अजून आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. पाहुण्यांनी ब्लोअरच्या गरम वाऱ्यात ताहिरी खाल्ली. मला ताट दिलं, मी खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात शिरले तर मेनच्या खाली सतरंजी आणि तिच्यावर बाबा बसलेले. रात्रभर तिथेच होते. मला म्हणाले, "मेन पाडला नाही मी. पण झोपलो पण नाही. आता जळला तर तू बघ." मी म्हटलं, "बघते बाबा." वर गेले. बूड चांगलं गरम होतं.

मेकॅनिक माझ्या आधीच हजर होता, साहेबांनी पाठवलेला. त्याने हात पुढे केला, "फ्यूज दे, मी लावतो." माणूस वाईट नव्हता तो, सवयीने हात पुढे आला होता त्याचा. मी म्हटलं, "दादा, तुम्ही खाली चहा घ्या." तो गेला. मी फ्यूज बसवले, गॅसचा दाब दाखवणारे गेज जोडले आणि बटण दाबलं. कंप्रेसर एका दमात सुरू झाला. गॅस थोडा कमी होता, काटा जागेवर येईपर्यंत हळूहळू भरला. पाइप गार पडून त्याला घाम सुटला तेव्हा मला हसू आलं. मग शेठच्या हट्टाखातर मशीन उलटी चालवून गरम हवाही दाखवली. दुकानातली गिऱ्हाइकं पदराने वारा घेत रस्त्यावर पळाली आणि शेठ एकटेच आत उभे राहून घामाघूम होत "वा, वा" करत राहिले.

दुकानातला फोन वाजला, साहेबांचा होता. बाबा जवळ बसले होते, त्यांनीच उचलला. साहेबांनी विचारलं असावं, माणूस वेळेवर पोचला का म्हणून. बाबा म्हणाले, "पोचला. चाय पितो आहे." आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"चालू झालं?" साहेबांनी विचारलं.

"मी केलं," मी म्हटलं.

मग ते म्हणाले, "सोमवारी बदलापूरला एक आहे. जाशील?"

"जाईन," मी म्हटलं. "पण माणूस पाठवू नका."