वन्संचं नाक आणि विहिरीचं पाणी

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाळू धूत होते. मागच्या अंगणात घमेलं, शेजारी नळाला लावलेली रबरी नळी आणि मुठीत ती गंजाने लाल झालेली पाण्याच्या फिल्टरची वाळू. हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी वन्संजवळ कळवणहून आलेला माझा दादा बसला होता. त्यानेच मला घरी पिटाळलं होतं, "जा, अंघोळ कर, जरा आडवी हो," म्हणून. अंघोळ केली, आडवी मात्र झाले नाही. वाळू धुवायची राहिली होती, आणि वन्सं घरी आल्या की उंबरठ्यातूनच आधी त्याची चौकशी करणार हे मला पक्कं ठाऊक होतं. हात ओले होते म्हणून फोन स्पीकरवर घेतला. दादा म्हणाला, "मंदा, ताई गेल्या गं." मी म्हटलं, "बरं." ... माणूस अशा वेळी काय बोलेल याचा नेम नसतो. मग उरलेली वाळू स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुतली, घमेलं पालथं घातलं आणि रिक्षा बोलावली.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, शालिनी. आसपासच्या तीन-चार गावांच्या त्या 'बाई' होत्या. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. देवळाली कॅम्पच्या पुढे, शेतांच्या कडेला, वडिलांच्या जुन्या विहिरीशेजारी या बहीणभावाने मिळून घर बांधलं. पण आम्ही ह्यांच्या नोकरीपायी गावोगाव फिरत राहिलो आणि घरात राहिल्या त्या एकट्या वन्संच. आम्हाला मूलबाळ झालं नाही. हे गेले, दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि वन्संनी माझी बॅग उचलून रिक्षात ठेवली. म्हणाल्या, "चल." बस, एवढंच. 'माझ्याकडे राहा' नाही, 'मलाही सोबत होईल' नाही. तो हुकूम होता, बोलावणं होतं की मेलेल्या भावाबद्दलचं कर्तव्य होतं, हे मला पुढे कितीतरी वर्षं कळलं नाही. त्या घरात राहायला मला कुणाची ना नव्हती. पण ना नसणं वेगळं आणि आपण कुणाला तरी हवं असणं वेगळं. रात्री जेवणं झाली की त्या त्यांच्या खोलीत, मी माझ्या खोलीत. कॅम्पातल्या लष्कराचा तोफांचा सराव सुरू झाला की दोन्ही खोल्यांची तावदानं एकदमच थरथरायची, तेवढाच आमचा एकोपा.

बोलायला विषय मिळाला तो पाण्यामुळे. आमच्या विहिरीच्या पाण्यात असतील नसतील तेवढे सगळे दुर्गुण होते. उपसलं की नितळ दिसे, आणि बादलीत घटकाभर ठेवलं की तांबूस. पांढरी ओढणी एका धुण्यात पिवळी. चहा करावा तर शाईसारखा काळा. डाळ शिजता शिजत नसे, साबणाला फेस म्हणून येत नसे, आणि नळ सोडला की सडक्या अंड्याचा भपकारा. आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "वन्सं, टँकर मागवू या की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गृहपाठ न करता वर्गात आले होते. "पाण्यात काय आहे ते ओळखायचं, मंदा, आणि काढायचं. टँकर काय मागवतेस?"

आणि मग त्या कामाला लागल्या. शिकवणं निराळं आणि करणं निराळं हे मात्र त्यांना तेव्हा कळलं. आधी त्यांनी पाणी मऊ करायचं यंत्र आणलं, ज्यात खडेमीठ ओतावं लागतं तो उंच डबा. "आता बघ तुझी डाळ!" डाळ खरंच लोण्यासारखी शिजली. आठ-पंधरा दिवस आम्ही मिटक्या मारत वरण खाल्लं, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. उघडून पाहिलं तर यंत्रातले बारीक दाणे गंजाने माखून बसलेले. पाण्यातलं लोखंड आधी काढायला हवं होतं, ते तसंच आत गेलं आणि सगळ्याचा चिखल झाला. वन्सं चिखलाकडे बघत राहिल्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "बाई नापास!" क्षणभर वाटलं, आता संपलं सगळं. आणि त्या हसल्या. अंगणात, हात लाल झालेल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. माझा त्या घरातला तो पहिला बरा दिवस.

मग आम्ही दोघींनी मिळून सगळं नव्याने लावलं. गच्चीवर भोकं पाडलेल्या पाइपातून पाणी धारांनी टाकीत पडू द्यायचं. त्याला हवा लागली की लोखंडाचा गंज होतो आणि वासही बराचसा उडून जातो. पुढे वाळू तो गंज अडवते, कोळसा उरलासुरला वास घेतो, आणि मिठाचं यंत्र सगळ्यांत शेवटी. पावसाळ्यात विहिरीत काय काय वाहून येतं, म्हणून पाऊस सरला की ब्लीचिंग पावडर. त्यानंतर तपासणीच्या छोट्या बाटलीत पाणी घालून ठेवायचं. काळं पडलं तर पाण्यात जंतू आहेत, पिऊ नये; न पडलं तर खुशाल प्यावं. वाळू धुणं माझ्याकडे, बाटलीवर नजर ठेवणं त्यांच्याकडे. आमचा चहा हळूहळू चहाच्या रंगाचा झाला.

साथीच्या दिवसांत दोघीही तापाने पडलो. मी तापातून उठले तशी उठले, वन्संचं नाक मात्र गेलं. हिंगाचा डबा नाकाशी धरला तरी ढिम्म. आता पंचाईत अशी की, फिल्टरमधला कोळसा संपत आला हे सांगणारं दुसरं यंत्र नाही, ते नाकालाच कळतं. म्हणून वन्संनी फर्मान काढलं, "उद्यापासून वास तू घ्यायचा." त्यालाही त्यांचा नियम होता. सकाळचा पहिला श्वास तेवढा खरा. त्या वासाला नाक फार लवकर सरावतं आणि मग त्याला काही जाणवेनासं होतं. म्हणून चहाच्या आधी, तोंड धुण्याच्याही आधी, मी डोळे चोळत स्वयंपाकघरात जायचं. वन्सं तिथे उभ्याच असायच्या. स्टीलच्या ग्लासात पाणी धरून माझ्या नाकाखाली आणायच्या.

"येतोय?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना!"

मग चहा. आणि एकदा सकाळी तोंड उघडलं की ते बंद कशाला होतंय? भाजीवरून सुरुवात व्हायची ती त्यांच्या शाळेवर, ह्यांच्या लहानपणावर जायची. माझ्या नवऱ्याने लहान असताना याच विहिरीत वडिलांचा चष्मा पाडला होता, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला त्याने सांगितलं नव्हतं. ते मला त्या ओट्याशी उभं राहून कळलं. मी लोकांना सांगायची, मला या घरात नाकाची नोकरी आहे. एकदा अशीच मजेत म्हणाले, "वन्सं, तुमचं नाक परत आलं की माझी सुट्टी हं. मी चालले कळवणला दादाकडे." त्या हसल्या नाहीत. ग्लास विसळून पालथा घातला आणि म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, काही जणांचं कधीच परत येत नाही."

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. गॅसवर दूध ठेवून मी पुढच्या अंगणात फुलं तोडायला गेले आणि शेजारणीशी बोलत राहिले. परत येते तो घरभर करपल्याचा वास, पातेलं काळंठिक्कर, आणि वन्सं त्याच स्वयंपाकघरात टेबलाशी बसून पेपर वाचतायत. माझं डोकंच फिरलं. "अहो, नाक नाही तर डोळे तरी आहेत ना!" "अगं हो की," एवढंच म्हणाल्या. उठल्या आणि ते पातेलं स्वतः घासत बसल्या. मी दिवसभर कुरकुरत होते, त्या एका शब्दाने उलटून बोलल्या नाहीत. वन्सं उलटून बोलत नाहीत म्हणजे नवलच, असं मनात आलं होतं. पण आलं आणि गेलं.

पाऊस ओसरता ओसरता त्यांना न्यूमोनियाने धरलं आणि सोडलंच नाही. आता काही आठवडे झालेत. भेटायला येणारी माणसं यायची थांबली. सकाळी उठते, ग्लास नळाखाली धरते, वास घेते. स्वतःच विचारायचं आणि स्वतःच सांगायचं यात काही राम नाही. दिवस दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नाही. परवा भाजीवाल्याशी बोलताना माझाच आवाज मला घोगरा वाटला. रोज संध्याकाळी दादाचा फोन. "मंदे, लय झालं आता. तिथं एकटी काय करशील? इकडं समदे हायेत, तुझी खोली हाय." खोटं नव्हतं. मलाही वाटायचं, या घरात मला आणलं ते भावासाठी, भाऊ कधीचा गेला, आणणारीही गेली. मी इथे कुणाची कोण? अशातच एका सकाळी ग्लासातून तोच अंड्याचा वास आला. कोळसा संपला होता. हे सांगायचं कुणाला? त्या संध्याकाळी मी दादाला म्हटलं, "रविवारी गाडी घेऊन ये."

घर बंद करायचं तर मोटार, फिल्टर कसं ठेवायचं हे विचारायला कॅम्पाच्या बाजारात शकीलकडे गेले. त्याचं मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. वन्संचा विद्यार्थी. त्याने स्टूल पुढे केलं. "बाई गेल्या, लय वाईट झालं. पाण्याला वास मारत असंल ना आता? कोळशाचा टाइम झाला."

"हो, परवापासून येतोय. तुला कसं कळलं?"

"गेल्या साली पावसाच्या तोंडाला टाकला होता ना. बाई सोताच आल्या होत्या. म्हणल्या, शकील, नळ सोडला की अंड्यासारखा वास येतोय, कोळसा दे."

"मीच सांगितलं असेल त्यांना."

"नाय हो, तुम्ही कुठं होता? तुम्ही कळवणला लग्नाला गेलेल्या. बाई एकट्याच होत्या घरी. मी म्हटलं पण, बाई, तुमचं नाक आलं वाटतं परत? तर म्हणल्या, आलं, कधीचंच. आणि हसल्या. म्हणल्या, घरी बोलू नको."

मी तिथेच बसून राहिले. त्या लग्नाहून मी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी नेहमीसारखा ग्लास माझ्या नाकाखाली धरला होता. "येतोय?" मी म्हटलं होतं, "नाही." त्यांनी मी यायच्या आधीच कोळसा बदललेला, कुठून येणार? तरी विचारलं होतं, "नक्की?" आणि ते दूध... करपलेल्या दुधाचा वास नाकात भरून घेत ही बाई पेपर वाचत बसली होती. उठून गॅस बंद केला असता तर नाक परत आल्याचं कळलं असतं. नाक परत आलं तर मी जाणार होते, मीच तसं म्हटलं होतं. मजेत म्हटलं होतं हो! त्यांनी ते खरं धरलं, आणि कशा सांगणार, मला सोबत म्हणून राहा? 'चल' याच्यापुढे ज्यांची जीभ वळली नाही त्या हे कुठून बोलणार?

फोन आला तेव्हा मी रडले नव्हते, मंडळी स्मशानातून परतली तेव्हाही नाही. त्या दिवशी शकीलच्या दुकानात, पाइपांच्या ढिगाशेजारी रडले. तो बिचारा गोंधळून गेला, त्याने चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला. मला रागही आला होता. सांगितलं असतं एकदा, तर काय बिघडलं असतं? मी कुठे जाणार नव्हतेच. मग आठवलं, हे मीही त्यांना कधी म्हटलं नव्हतं. म्हणजे दोघी एका ओट्याशी उभ्या राहून, एकमेकींना ठेवून घेण्यासाठी रोज एका ग्लासाचा वास घेत होतो. मी या घरात हवी होते. हे कळायला मला त्यांच्यामागे राहावं लागलं, आणि आता ते कळल्याचं सांगायला त्या नाहीत. एकटेपणाला आधी निदान शंका तरी सोबतीला होती, आता तीही नाही.

दादाला फोन केला. "रविवारी येऊ नकोस. विहिरीत पावडर टाकायची आहे, यंदा राहिलीच."

"आता कुणासाठी टाकतीस?" तो म्हणाला.

"मला लागतं ना पाणी."

तो मग म्हणाला, "बरं. गच्चीवर जपून चढ."

पावडर टाकली की दिवसभर नळाचं पाणी वापरता येत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी उकळून भरून ठेवावं लागतं. मी नेहमीसारखं भरलं. पितळी पिंप, दोन्ही हंडे, कळशी, वन्संचा फिरकीचा तांब्या. हाताला दोघींचं जे माप ठाऊक होतं त्या मापाने. रविवारी शकीलचा माणूस नवा कोळसा घालून गेला. बादलीत पावडर कालवली, गाळ बसू दिला, वरची निवळ विहिरीत ओतली, एकेक नळ सोडून तिचा उग्र वास येईपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी तो वास जाईपर्यंत सगळं वाहू दिलं. बाटलीतलं पाणी काळं पडलं नाही. नळाचं पाणी पुन्हा पिण्यासारखं झालं, त्यात डाळ शिजली, चहा चहाच्या रंगाचा झाला. आणि ओट्यावर ओळीने भरून ठेवलेलं ते पाणी मात्र मी सकाळ-संध्याकाळ पीत होते, स्वयंपाकाला घेत होते, तरी संपता संपत नव्हतं.