सेतुमामांची देवघरातली तपकीर

तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतले कारकून, आमचे सेतुमाधवमामा, एकादशीला पाण्याचा थेंब घेत नसत. बरं, नका घेऊ! पण दुसऱ्यानं घेतला की तंजावूरभर बोभाटा. मी एकदा ताक प्यायले, तर चारचौघांत मला राक्षसीण म्हणाले. तो राग माझा अजून गेलेला नाही.

अठ्ठावन्न साली त्यांना मेंदूज्वर झाला. वाचले, पण तहान लागली ती लागलीच. दिवसाला घागर रिकामी, आणि परसात तेवढ्याच फेऱ्या. साखर तपासली, नव्हती. डॉक्टर हनुमंतराव म्हणाले, "ज्वरानं मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस दुखावलाय. अंगात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक तिथंच बनतं. पाणी तोडलंत तर मराल."

मामांनी पुढच्याच एकादशीला पाणी तोडलं. संध्याकाळी बेशुद्ध, इस्पितळात.

औषध होतं परदेशी पूड, तपकिरीसारखी नाकात ओढायची. ओढली की चार तास तहान गप्प. डॉक्टरांनी शेषम्मामामीला बाजूला नेऊन सांगितलं, ही बैलाच्या मेंदूतल्या ग्रंथीची पूड आहे. मामीनं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "ह्यांना सांगू नका. मरतील, पण ओढायचे नाहीत." बाटली फेकून तिनं पूड चांदीच्या डबीत भरली, आणि डबी कुठं? देवघरात, सोवळ्यात!

झालं, मामांची एकादशी पुन्हा सुरू. चार तासांनी चिमूट, वर आम्हाला उपदेश. एरवी फराळ करणारी मामी मात्र त्या फसवणुकीचं प्रायश्चित्त म्हणून गुपचूप निर्जळी करू लागली.

पाच वर्षांनी, एकादशीलाच, मी एक जुनी तिथी बघायला मामांचं जुनं पंचांग उघडलं. आतून त्या बाटलीचं इंग्रजी लेबल पडलं. 'बैल' या शब्दाखाली कचेरीतली लाल पेन्सिल ओढलेली. मी मोठ्यानं वाचलं. मेली माझी जीभ!

मामी पांढरीफटक. "अहो, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या बाटलीपासून. तू फेकलीस ती मी उचलली होती," मामा खाली बघत म्हणाले. "वाटलं, तुला बैलाचं कळलं तर डबी घरात ठेवणार नाहीस. मला जगायचं होतं गं."

"आणि मी पाच वर्षं तुमच्यासाठी कोरडी राहतेय!" मामीला रडूच फुटलं.

मामा उठले, स्वतःच्या हातानं चंबू भरून तिच्यापुढं धरला. मामी गटागटा प्यायली. तिला काही ते राक्षसीण म्हणाले नाहीत.