काळ्या गोट्या

करपलेल्या कॉफीचा वास आला, की ओहायोतल्या शेतकरी संघटनेचा तो जुना लाकडी हॉल आठवतो. लग्न होऊन तिकडे गेलेल्या, आठवीत शाळा सुटलेल्या मला तिथल्या एलेन मावशींनीच इंग्रजी शिकवलं, त्याच हॉलमध्ये. तो विकायचा का, याचं एके दिवशी मतदान होतं. रिवाजाप्रमाणे एकेक म्हातारं माणूस पेटीत गोटी टाकत होतं. पांढरी म्हणजे ठेवा, काळी म्हणजे विका. मी सभासद नव्हते, म्हणून मला मत नव्हतं. मी नुसती बघत होते. पेटी उघडली, तर सगळ्या काळ्या!

“मावशी, तुमचीसुद्धा?”

“छप्पर गळतंय गं. वर चढणार कोण? तू?”

तेव्हा त्या निष्ठुर वाटल्या. आज त्यांच्या वयाची झाल्यावर वाटतं, ती गोटी टाकताना हात किती जड झाला असेल त्यांचा. त्या दिवशी मतदान झाल्यावर, नेहमी पुढच्या सभेसाठी लावायचे तशाच सगळ्यांनी खुर्च्या नीट लावल्या. मीही लावल्या. दुसरं काय करणार होते?