चाच्यांची सरदार

रियाधमध्ये मुलीला शाळेच्या नाटकासाठी काजळाची मिशी काढताना त्या वासाने मला समुद्रकाठच्या कतीफमधलं लहानपणचं घर आठवलं.

आम्ही बहिणींनी चाच्यांच्या कादंबरीतली पात्रं वाटून घेतली होती. धाकटी नाझिया कप्तान, मी काजळाची मिशी काढलेली चाच्यांची सरदार. अब्बा मालवाहू जहाजावरून चार महिने उशिरा परतले होते. इंजिन बिघडलं होतं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

अब्बा आत येताच मी लाकडी तलवार रोखून ओरडले, "हात वर!"

ते गुडघ्यांवर कोसळले. "मारू नका, मला दोन मुली आहेत!"

अम्मी धावत आली. "अगं, त्यांना खऱ्या चाच्यांनी ओलीस ठेवलं होतं!"

"अब्बा, मी सलमा," मी रडत म्हणाले. मला ओळखायला त्यांना लागलेला वेळ आठवला, की आजही धडकी भरते.