सासऱ्यांना दाखवलेला तुळशी तलाव

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सहकुटुंब जाणार असाल तर माझा सल्ला जरूर घ्या. तिथे काय करू नये, ते सगळं मी ऐंशीच्या दशकातच करून बसलोय.

तेव्हा आम्ही अंधेरीला दोन खोल्यांत राहायचो. माझ्या बायकोला, सुनंदाला, सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने सासरे तिला न्यायला कुडाळहून आले होते. तिला जायचं नव्हतं, मला पाठवायचं नव्हतं, आणि त्यांच्यापुढे तोंड उघडायची दोघांचीही टाप नव्हती. मुंबईत धड हवा नाही, धड पाणी नाही, हे त्यांचं पालुपद. मग मीच म्हटलं, रविवारी यांना मुंबईची हवा आणि पाणी दोन्ही दाखवू, म्हणजे आपोआप विरघळतील.

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून फाटकापर्यंत चालत जाता येतं. सुनंदासाठी आम्ही रिक्षा केली. तिकीट अगदी किरकोळ होतं. मुलांच्या छोट्या आगगाडीत सासरे गुडघे छातीशी घेऊन बसले, आजूबाजूची झाडी बघत राहिले आणि हवा बरी आहे असं कबूल करून बसले. मी मनातल्या मनात अर्धा किल्ला सर केला. त्या आनंदात डबा बाकावर उघडा ठेवला आणि घावणे माकडांनी खाल्ले. तेव्हा खाणं पिशवीतच ठेवा. आम्ही भाजलेल्या शेंगांवर भागवलं.

उरलं पाणी. इंग्रजांनी या जंगलात आधी विहार, मग तुळशी तलाव बांधून शहराला नळाचं पाणी दिलं, एवढं मी वाचून आलो होतो. तुळशी आत दूर जंगलात आहे आणि तिथे कोणालाही सोडत नाहीत, हे त्याच पानावर खाली होतं. तिथवर मी वाचलं नव्हतं. त्यामुळे बोटिंगच्या तळ्याकाठी उभं राहून मी हात पसरला आणि म्हटलं, बाबा, हा तुळशी तलाव, आपल्या नळाला येतं ते हेच पाणी.

सासरे वाकले. पाण्यावर शेंगांची टरफलं, खाल्लेली कणसं आणि कुणाची तरी एक रबरी चप्पल तरंगत होती. त्यांनी लेकीकडे बघितलं.

"जावयबापू, ह्याच पाणी माझा चेडू पिता?"

शुद्ध करून देतात, असं मी पुटपुटलो. तेवढ्यात सुनंदाने शेजारच्या पाटीकडे बोट दाखवलं. हे तळं नौकाविहारासाठी असून पाणी पिऊ नये, असं त्या पाटीवर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. सासऱ्यांनी ती पाटी दोनदा वाचली आणि लेकीला सांगितलं, उद्याच्याच एस्टीने निघायचं. माझी पुरती वाट लागली होती.

"बाबा, हेंका तलावातला काय एक कळणा नाय," सुनंदा म्हणाली. "पण त्या टायमाक माका हे बाजूक होये."

बाळंतपणात मी जवळ हवा, इतकं स्पष्ट ती बापापुढे कधीच बोलली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी शेंगेचं टरफल गेल्याचं नाटक केलं.

बोटीची तिकिटं आधीच काढली होती. सुनंदा काठावर बसली आणि पायडलच्या बोटीत मी आणि सासरे. ते दमाने पाय मारत होते, मी घाबरून जोरात. बोट जागच्या जागी गोल फिरत राहिली. काठावरची पोरं हसायला लागली. सासरे समोर बघत म्हणाले, "मगे आमीच हय येतंव."

ट्रिपमधून काय राहिलं म्हणाल, तर सासरे राहिले. कुडाळला जाऊन सासूबाई, उकड्या तांदळाचं पोतं आणि आमसुलांचा डबा घेऊन ते आमच्या दोन खोल्यांत आले आणि रोज मी पाणी नीट उकळलंय की नाही ते बघत बसले. मी मनातून कातावलो, खोटं कशाला बोलू? पण बाळंतपणाच्या दुपारी हॉस्पिटलच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसलो होतो, तेव्हा ते आहेत याचं फार बरं वाटलं. नर्स बाहेर आली, मुलगी झाली म्हणाली आणि तिने विचारलं, वडील कोण?

आम्ही दोघेही उठलो.