आजीच्या हाती चमचा

पडदा वर जातो. दवाखान्याच्या लहानशा खोलीत वजनकाटा, एक बाक आणि बत्तीस वर्षं तिथंच राबलेल्या नर्सबाई. समोर जुलाबांनी मलूल झालेलं बाळ, रडवेली सून आणि ठाम सासू.

"पाण्यानं, अंगावरच्या दुधानं जुलाब वाढतात. हिला किती ओरडले, दोन्ही बंद ठेव म्हणून! माझी पाच पोरं मी उगाच वाढवली का?" सासू कडाडली.

बाळाचे ओठ सुकले होते. बाईंनी वाद घातला नाही. क्षारांची पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवली आणि मुख्य भूमिका सासूलाच देऊन टाकली. "आजी, पाच पोरं वाढवलेला हात तुमचा. तुम्हीच पाजा."

कुरकुरत तिनं चमचा पुढं केला. बाळ चुटूचुटू प्यायलं.

बाई म्हणाल्या, "आता घरीही प्रत्येक जुलाबानंतर तुम्हीच पाजायचं. आणि सुनेला अंगावर पाजू द्या, तिला ओरडू नका."