कोरीचा राग

कोरीच्या पंचाहत्तरीला मी तिला पितळी अंकुश भेट दिला. वर लाल रिबीन बांधून! हत्तींवर एवढी माया करणाऱ्या बाईला दुसरं काय द्यायचं, असं मला वाटलं. मी तेव्हा जेमतेम बासष्टची. अक्कल यायला अजून अवकाश होता.

मी अ‍ॅमस्टेलव्हीनला लेकाकडे, नातीजवळ राहायला आले, तेव्हापासून खालच्या मजल्यावरची कोरी ही माझी इथली एकुलती एक मैत्रीण. गेल्या हिवाळ्यात ती गेली. इतिहासाची निवृत्त शिक्षिका. अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या फिरत्या खेळांतल्या हत्तींची माहिती जमवायची आणि वाचता वाचता तापायची. "हत्तीची एवढीशी पोर आईपासून तोडून जहाजात घातली," ती सांगे. "मग गावोगाव चालवली, तीही रात्रीची! दिवसा कुणी फुकटात पाहील ना! पाहायचंय? पैसे टाका आणि गोठ्यात या." मग टेबलावर थाप: "तिला विचारलं होतं का कुणी?" तिच्यासमोर हत्तिणीला 'जनावर' म्हणालात, तर कॉफी मिळायची नाही.

तर वाढदिवस. इथल्या डच रीतीप्रमाणे सगळे गोल खुर्च्या मांडून बसलेले, हातात केकची बशी. कोरीनं कागद फाडला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कानामागे रुततं, नलिनी. तिथली कातडी पातळ असते. तुमच्याकडून हत्ती गेले, त्यांच्या मागोमाग हेही त्या फिरत्या खेळांत गेलं."

"आई, आधी केक," तिची लेक म्हणाली.

"हे ऐकून केक घशाखाली उतरत नाही? मग ठेव खाली!" कोरी कडाडली.

मीही भडकले. "आमच्या गणपतीच्या हातात असतो तो! आम्ही हत्तीला पुजतो!"

"आणि पायात साखळी कोण घालतं?"

मी ताडकन उठून वर निघून आले.

महिनाभर बोलणं बंद. समोर आले, तरी ती सायकलच्या कुलपात डोकं घालायची. मी घरात भांडी आपटत होते. आम्हाला शिकवणारी ही कोण? पण ती साखळी काही मला सोडेना. माझ्या सासरच्या देवळात हत्तीण होती. नवी नवरी म्हणून मी तिला केळं भरवलं, तेव्हा तिच्या पायाला साखळीखाली हळद माखलेली. "अय्या, हिलाही हळद लागली!" असं म्हणून मी बावळट खिदळले होते. ती जखम होती, हे मला चाळीस वर्षांनी, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या जिन्यात उमगलं. संताप आला, आणि काढायला माझ्याशिवाय दुसरं कुणी सापडेना.

तशीच खाली गेले, कोरीच्या दारात उभ्यानंच सगळं सांगितलं. वाटलं, आता मिठी मारेल. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? मी आधीच चिडलेली आहे. वर जा, तुझ्या नातीला सांग."